इटलीच्या पेट्या आणि बाबांचं शून्य

त्या दोन पेट्या टेम्पोतून आमच्या सातपूरच्या घरासमोर उतरल्या, तेव्हा आईनं दारातूनच विचारलं, "हे कुणाचं लचांड? आणि ठेवणार कुठं, माझ्या डोक्यावर?" दादा टेम्पोवाल्याला "हळू रे, हळू" करत होता, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलंय. दोन खोल्यांचं आमचं घर. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला माझं शिलाई मशीन, दुसरीला दादाची कॉट. कॉट निघाली, तिथं दोन टेबलं जोडली गेली आणि त्यांवर इटलीच्या पेट्या विराजमान झाल्या. त्या दिवसापासून दादा चटईवर आला.

सिंथेसायझर हा शब्द आईच्या तोंडी कधी बसला नाही. ती त्यांना पेट्याच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. काळे पत्रे, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, हार्मोनियमसारख्या पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या वरच्या पत्र्यावर नुसती जत्रा. एकीवर खाली-वर सरकणारे अकरा स्लायडर, दुसरीवर गोल फिरणारे नऊ नॉब. त्यांच्याखाली इटालियन अक्षरं, ती वाचायची कुणी? दादाही वाचत नव्हता. तो सगळं कानानं ठरवायचा.

ती नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. दादा पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होता. द्राक्षाच्या हंगामात तीन-तीन दिवस घरी यायचा नाही, पावसाळ्यात मात्र हात रिकामे. त्या रिकाम्या दिवसांत तो लोकांचे फ्रीज दुरुस्त करायचा. असाच एकदा देवळाली कॅम्पात एका निवृत्त बँडमास्तरांचा फ्रीज बघायला गेला आणि तासाभराच्या कामाला अख्खा दिवस लावून आला. मास्तर लष्कराच्या बँडमधून सुटल्यावर मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचे. तेव्हा बंदरात लागलेल्या एका बोटीवरच्या वादकाकडून त्यांनी या पेट्या घेतल्या होत्या. आता त्यांची बोटं वाकडी झालेली, आणि मुलगी त्यांना परदेशी न्यायला निघालेली. पेट्या मुंबईच्या एका शौकिनानं आधीच मागून ठेवल्या होत्या. कोजागिरीच्या आदल्या दिवशी त्याचा टेम्पो येणार होता. "तोवर वाजव," मास्तर दादाला म्हणाले. "नुसत्या पडून राहिल्या की रुसतात."

दादा लहानपणापासून भजनात पेटी वाजवायचा, गणपतीत ऑर्केस्ट्रात की-बोर्ड. पण त्याच्या डोक्यात भलतंच होतं. त्याला कॅसेट काढायची होती. गाणी नाहीत, शब्द नाहीत, तबला नाही. नुसत्या या दोन पेट्यांच्या आवाजांचे आठ तुकडे. कॅसेटचं नावही ठरलेलं, 'शीतगृह'. लोक देवळातली घंटा ऐकून डोळे मिटतात, आमचा दादा कॉम्प्रेसर ऐकून मिटायचा. तो म्हणायचा, सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला की आधी एकटाच घुमतो, मग पाइप त्याच्यात आपला सूर घालतात, आणि चेंबरचं दार उघडलं की थंडी बाहेर येताना ऐकू येते.

"थंडी ऐकू येते?" मी म्हणाले. "डोकं तपासून घे एकदा."

माझी जीभ अशी. वसाहतीत माझ्या तोंडाला लागायला बायका घाबरायच्या, आणि मला त्याचा अभिमानही होता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते मी बोलले म्हणून नाही झालं.

तीन महिने ते घुमणं आमच्या घरात चाललं. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "अगं, तुमचा फ्रीज बिघडलाय का?" आमच्याकडे फ्रीजच नव्हता. लोकांचे फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या घरी माठ! दादा हसायचा आणि पुन्हा स्लायडर केसाएवढा सरकवायचा. मी ब्लाउज शिवता शिवता कुरकुर करायचे. मग श्रावणातल्या एका दुपारी तो आवाज आला. मी पायंडलवरचा पाय थांबवला. खाली जाड, संथ घुमणं, आणि त्याच्या वरून काहीतरी पातळ, पांढरं, जमिनीलगत सरपटत येणारं. माझ्या पायाला खरंच गार लागलं. अंगावर काटा आला हो! मी दादाकडे बघितलं, तर तो माझ्याच पायाकडे बघत होता.

"आली ना ऐकू?" तो म्हणाला.

"आली," मी म्हटलं, आणि पुढं चार तास आम्ही दोघं एकमेकांशी फार गोड वागलो.

त्या आवाजावर सगळी कॅसेट उभी राहिली. पहिला तुकडा त्यानंच सुरू व्हायचा आणि आठवा त्यानंच संपायचा. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीतल्या साहेबांनी पहिले दोन तुकडे ऐकले आणि सांगितलं, "आपल्याकडे असं कुणी केलेलं नाही. आठही पूर्ण करून दिवाळीनंतर आणा, काढू." बत्तीस वर्षांच्या आयुष्यात दादाला पहिल्यांदाच कुणी 'आणा' म्हणालं होतं. त्यानं मित्राकडून रेकॉर्डिंगचा डेक आणला, मालकाकडून बिनपगारी रजा घेतली आणि दिवसा, वसाहत कामावर गेलेली असताना, एकेक तुकडा टेपवर घेऊ लागला.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. आजकालच्या की-बोर्डात बटण दाबलं की ठरलेला आवाज येतो. या पेट्यांना आठवण म्हणून नव्हतीच. आवाज जिथं राहायचा तो त्या वीस खिट्ट्यांच्या जागेत. अकरा स्लायडर आणि नऊ नॉब जिथं उभे आहेत तिथंच उभे राहिले तर तो आवाज आहे, एक जरी इकडचा तिकडे झाला तर नाही. दादा कागदावर काही लिहायचा नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "लिहून ठेव की." तो म्हणाला, "खुणा आहेत माझ्या." कुठल्या, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत माझा कापडावर खुणा करायचा पांढरा खडू सारखा हरवायचा आणि त्यावरून मी आईशी भांडायचे.

आठवा तुकडा अर्धा टेपवर गेला आणि लाइट गेली. अष्टमीची दुपार. दादा अर्धा तास पंख्याकडे बघत बसला. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानात त्याला पिंपळगावहून फोन आला. हंगामापूर्वी कॉम्प्रेसर खोलायला बाहेरचा मिस्त्री आला होता, दादाशिवाय अडलं होतं. दोन दिवसांचं काम. रजा असली तरी मालकाला नाही म्हणता येत नाही. त्यानं पिशवी उचलली आणि दारातून सांगितलं, "पेट्यांना हात लावू नका. दसऱ्याला आलो की उरलेला अर्धा घेतो."

आई म्हणाली, "आम्ही कशाला लावू बाबा हात!"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्या घरी दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. बाबा लेथवर काम करायचे आणि हत्यारांच्या बाबतीत ब्राह्मणाच्या सोवळ्यापेक्षा कडक होते. नवमीला सगळी हत्यारं घरी मांडायची. मला पाच वर्षांची असल्यापासून त्यांनी शेजारी बसवलेलं. मलमलचा तुकडा, त्यावर जरासं रॉकेल, आणि पुसायचं ते असं की वर्षभराचा मळ, गंज, बोटांचे ठसे काही राहता कामा नये. आणि मग त्यांचा खास नियम. प्रत्येक हत्यार शून्यावर आणायचं. मायक्रोमीटर मिटवून शून्यावर, व्हर्निअर शून्यावर, कारखान्यात लेथच्या सगळ्या डायल शून्यावर. "वर्षभर आपण त्याला आपल्या मापात राबवतो," ते म्हणायचे. "आज त्याला त्याच्या शून्यावर बसू दे. मापात अडकलेल्या हत्याराची पूजा लागत नाही." इतर कुणाच्या घरी मी हे ऐकलेलं नाही. आमच्याकडे मात्र तो वेद होता. बाबा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

त्या सकाळी मी पाटावर बाबांचा मायक्रोमीटर मांडला, दादाचे पाने, माझी कात्री, मशीनचा दोऱ्याच्या टेन्शनचा डायल शून्यावर आणला. झेंडूची फुलं वाहिली. आणि मग माझं लक्ष पेट्यांकडे गेलं. तीन महिन्यांची धूळ, पत्र्यावर सगळीकडे पांढरट रेघोट्या, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते तशा. मला वाटलं, अरे देवा, ज्या हत्यारावर दादाचं सगळं भवितव्य आहे तेच तेवढं पारोसं!

"त्यानं हात लावू नका म्हटलंय," आई म्हणाली.

"म्हणजे वाजवू नका. पूजेला काय हात लावणं म्हणतात का? बाबा असते तर पहिली यांची पूजा केली असती."

आईला ते पटलं. मला तर केव्हाच पटलेलं होतं. मी जाऊन बसले आणि दोन तास त्या पेट्या पुसल्या. मनापासून पुसल्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. प्रत्येक खिट्टीच्या बुडाशी काडीला कापड गुंडाळून पुसलं. आणि शेवटी बाबांच्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे, अकरा स्लायडर तळाला आणि नऊ नॉब शून्यावर. हळद-कुंकू वाहिलं, दोन्हींवर झेंडूची माळ घातली. इतक्या सुंदर दिसत होत्या! आईनं हात जोडून म्हटलं, "माझ्या लेकाला यश दे गं बाई."

कापड धुवायला मोरीत गेले आणि पाण्याला पांढरा रंग आला. धुळीचा रंग नव्हता तो. बोटांना गुळगुळीत लागला. तो रंग मी दिवसातून वीस वेळा धुते. माझ्या खडूचा रंग.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. 'खुणा आहेत माझ्या.' खडूचा अर्थ माझ्याएवढा कुणाला कळतो? बेतलेल्या कापडावरचा खडू कुणी पुसला तर मी त्याचा जीव घेईन. आणि मी काय केलं होतं? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आईला सांगितलं नाही. तिला धसका बसला असता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर माझीच पाचावर धारण बसली होती. नवमीची सगळी दुपार मी पेट्यांपुढे बसून खिट्ट्या आठवणीनं जागेवर लावायचा प्रयत्न केला. तिसरा स्लायडर अर्ध्याच्या वर होता का? चौथा जवळजवळ पूर्ण? रोज बघितलेलं होतं, पण बघितलं कुठं होतं, नजर तर शिलाईवर. अंदाजानं लावल्या, हळद-कुंकू पुसलं आणि माळा काढून ठेवल्या.

दसऱ्याला दुपारी दादा आला. आपट्याची पानं दिली, आईच्या पाया पडला, मला म्हणाला, "घे गं सोनं." मी पानं घेतली आणि नजर चुकवून आत वळले. तो म्हणाला, "काय झालं? कुणाशी भांडलीस?" मी मान हलवली. आता सांगते, जेवण झालं की सांगते, चहा झाला की सांगते, असं करत दिवस मावळला. वसाहतीतल्या सीमोल्लंघनाच्या गर्दीत तो मित्रांबरोबर निघून गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अशी मी.

एकादशीला सकाळी आठ वाजता तो पेटीपुढे बसला. मी मशीनवर बसले होते, सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत. त्यानं पेट्या चालू केल्या, तापू दिल्या, पट्टी दाबली. आलेला आवाज ऐकून त्यानं मान वाकडी केली. पुन्हा दाबली. मग वाकून पत्र्याकडे बघितलं. बोट फिरवलं.

"खुणा कुठं गेल्या?" तो स्वतःशीच म्हणाला. "घामानं गेल्या की काय? आर्द्रता..."

तेव्हा बोलायचं होतं. तोच क्षण होता. जी मी दूधवाल्याला, रेशनवाल्याला, पाणीवाल्याला सोडत नाही, ती मी सुईच्या नाकाकडे बघत राहिले. तो खिट्ट्या सरकवत राहिला. दहा मिनिटं, अर्धा तास, दोन तास. टेपवरचा अर्धा तुकडा लावायचा, बंद करायचा, पट्टी दाबायचा. टेपवर थंडी होती, पेटीत नव्हती. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता. मग तो मागं टेकला आणि म्हणाला, "आत काहीतरी सरकलंय. अष्टमीला लाइट गेली ना, झटका बसला असणार. उघडून बघावं लागेल."

मास्तरांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती. आतले बारीक स्क्रू इटलीतून जसे बसून आलेत तसेच आहेत, त्यांना कधी फिरवू नकोस. ते हलले की पेटीची चालच बदलते. हे मला माहीत होतं. त्यानंच मला सांगितलं होतं. त्यानं मागचा पत्रा काढला, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वाकला. आणि मी अजून बसलेली! काय वाट बघत होते मी? आवाज आपोआप येईल म्हणून? तेहतीस कोटी देवांना नवस बोलत होते, एक शब्द दादाला बोलत नव्हते.

"दादा, थांब!"

तो दचकला. स्क्रूड्रायव्हर वर उचलला.

"झटका नाही बसला. मी पुसलं. खंडेनवमीला. खुणा मी पुसल्या आणि सगळं शून्यावर आणलं."

आई आतून आली, हातात पीठ तसंच.

"सगळे?" दादानं विचारलं.

"सगळे. बाबांसारखे."

तो पेटीत बघत राहिला. "मी तीन फिरवले," तो म्हणाला. "तीन फिरवून झाले."

पुसलं ते अज्ञानानं. त्याची मला लाज वाटत नाही, कुणीही विचारावं, मी सांगते. पण दसऱ्याच्या दुपारपासून मी गप्प बसले, ते तीन स्क्रू त्या गप्प बसण्यानं फिरले. ते माझं पाप आहे. मला वाटलं, आता तो ओरडेल, फेकेल काहीतरी, आणि मला ते हवं होतं. तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. आईनं चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. आई मला म्हणाली, "जिथं तोंड उघडायचं तिथं मेलं उघडत नाही तुझं."

तासाभरानं तो आत आला. पत्रा बंद केला, माझ्या मशीनसमोरचं स्टूल ओढून पेटीजवळ ठेवलं.

"बस इथं," तो म्हणाला. "माझे कान तीन महिन्यांत बधिर झालेत. तुझे नाहीत. तू सांग."

एकादशीची उरलेली दुपार, द्वादशी, त्रयोदशी. दिवाळीचे ब्लाउज शिवायचे पडले होते. बायका दारात येऊन विचारायच्या आणि मी आतूनच ओरडायचे, "नंतर या!" एक जण जास्त बोलायला लागली तर तिचं कापड तिच्या हातात दिलं. दादा खिट्टी सरकवायचा आणि मी डोळे मिटून सांगायचे.

"यात थंडी नाहीये."

"थंडी म्हणजे किती? वर की खाली?"

"मला काय माहीत वर की खाली! पायाला लागत नाहीये."

"अगं, पायानं काय सांगतेस, कानानं सांग."

"मला पायानंच कळलं होतं!"

असं भांडत आम्ही पुढं सरकायचो. खालचं घुमणं त्रयोदशीच्या सकाळी बरोबर बसलं. राहिलं ते वरचं, पातळ, सरपटणारं. आणि त्या दुपारी तीनच्या सुमाराला ते आलं. मी काही बोलायच्या आधी माझे पाय स्टुलावर वर गेले. दादानं ते बघितलं, "हेच!" म्हणाला आणि खडूसाठी हात पुढं केला. मी खडू दिला. तेवढ्या वेळात ते गेलं. खिट्ट्या तिथंच, पट्टी दाबलेलीच, पण आश्विनाचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि आतले ते तीन स्क्रू आपल्या जागी नव्हते. सूर आमच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, घसरत घसरत साधा झाला. दादानं ओलं फडकं पेटीवर टाकलं, पंखा लावला, संध्याकाळपर्यंत वाट बघितली. पुन्हा आलं नाही.

चतुर्दशीला सकाळी दहा वाजता मुंबईच्या त्या शौकिनाचा टेम्पो येणार होता. आठ वाजता दादा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पेटीपुढे बसला. आईनं त्याच्यापुढे पोहे ठेवले, ते त्यानं शांतपणे खाल्ले. मला वाटलं, त्यानं सोडून दिलं. साडेसात तुकड्यांची कॅसेट कुणी काढतं का? मी रडायला लागले. तो म्हणाला, "रड नंतर. हात धुऊन ये."

"का?"

"उरलेला अर्धा घ्यायचाय. मी पट्ट्या दाबून धरतो. खालचं घुमणं आहे, ते पुरे. तू नवमीला केलंस तसं कर. बाबांच्या क्रमानं. डावीकडून उजवीकडे, एकेक करून शून्यावर आण. मात्र सावकाश. पुसतेस तेवढ्या सावकाश."

"तू चेष्टा करतोयस माझी."

"मी कधी केली?" तो म्हणाला. आणि खरंच, त्यानं कधी केली नव्हती.

त्यानं डेक चालू केला. दोन्ही हातांनी दोन्ही पेट्यांच्या पट्ट्या दाबल्या. खोली घुमायला लागली. मी पहिल्या स्लायडरवर बोट ठेवलं आणि खाली ओढलं. आवाजातलं काहीतरी निघून गेलं, कुणी खोलीतून उठून जावं तसं. दुसरा. तिसरा. माझे हात कापत होते आणि त्या कापण्यानं आवाजही कापत होता, टेपवर ते स्पष्ट आहे. मग नॉब. प्रत्येक खिट्टीबरोबर आवाज बारीक होत गेला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आईनं दारातूनच हातानं त्याला थांबवलं. एकोणीस खिट्ट्या शून्यावर आल्या आणि शेवटच्या नॉबवर फक्त एक सूर उरला, बारीकसा, सरळ.

मला तो बंद करता येईना. बोट ठेवलेलं, पण मनगट वळेचना. हा गेला की सगळं गेलं. मी दादाकडे बघितलं आणि मान हलवली. तोंडानं बोलायचं नव्हतं, टेप चालू होती.

तो हळूच म्हणाला, आणि हेही टेपवर आहे, "राहू दे. एक राहू दे." आणि पायाच्या अंगठ्यानं त्यानं डेकचं बटण दाबलं.

दहा वाजता पेट्या टेम्पोत चढल्या. दादा या वेळी "हळू रे" म्हणाला नाही.

दिवाळीनंतर तो मुंबईला टेपची प्रत देऊन आला. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. साहेबांना कॅसेट आवडली होती. फक्त शेवटचा भाग सदोष आहे, सूर एकेक करून जातात, मध्येच माणूस बोलतो आणि आवाज अर्धवट तुटतो, तेवढी चार मिनिटं कापून द्यावी, म्हणजे लगेच काढता येईल. मी ते पत्र वाचून नाचायच्या बेतात होते. कात्री माझ्याकडे होतीच!

दादा म्हणाला, "नाही कापायचं."

"अरे, त्यांनी हो म्हटलंय!"

"ते सदोष नाहीये."

"सदोषच आहे! माझी चूक आहे ती, धडधडीत चूक, आणि तू ती कॅसेटवर ठेवणार?" मी त्याला मूर्ख म्हणाले, गाढव म्हणाले, हातात लक्ष्मी आलेली लाथाडणारा करंटा म्हणाले. आई मध्ये पडली. तिनंही त्याला समजावलं.

"आठव्या तुकड्याचा शेवट तोच आहे," तो म्हणाला. "तो काढला तर संपलं कुठं?" आणि त्यानं पत्र घडी करून बाबांच्या मायक्रोमीटरच्या पेटीत ठेवलं. कंपनीनं कॅसेट काढली नाही. हंगाम सुरू झाला, दादा पिंपळगावला गेला. मी सहा महिने त्याच्याशी धड बोलले नाही. राग त्याच्यावर नव्हता, पण काढायला दुसरं कोण होतं?

त्यानंतर दरवर्षी खंडेनवमीला मी हत्यारं शून्यावर आणते आणि एक सोडते. माझ्या मशीनचा टेन्शनचा डायल चारवर असतो, तो तसाच राहतो. आईनं एकदा विचारलं, हे काय. मी म्हटलं, दादानं सांगितलंय.

दहा-बारा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी गंगापूर रोडला आले. दादा तिथंच मोठा ऑपरेटर झाला, पुन्हा कधी पेटीला बसला नाही. टेप खराब होत चालली होती, म्हणून गेल्या खेपेला माहेरी गेले तेव्हा त्याला न सांगता उचलून आणली आणि शरणपूर रोडवर जुन्या कॅसेटची सीडी करून देणाऱ्याकडे घेऊन गेले. द्राक्षाचा हंगाम संपला की दादाला द्यायची होती. स्टुडिओवाल्यानं कानाला हेडफोन लावून सगळी ऐकली. मी समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. पहिला तुकडा सुरू झाला तेव्हा त्यानं टेबलाखाली पाय जवळ घेतले. मी ते बघितलं.

शेवटी त्यानं हेडफोन काढला.

"मॅडम, फार वेगळं आहे हो. कुणाचं आहे? फक्त शेवटी चार मिनिटं गडबड झालीय, सगळं एकेक करून बंद पडतं आणि मध्येच तुटतं. तेवढं साफ करून देतो, काही नाही, एका मिनिटाचं काम आहे."

त्यानं माउसकडे हात नेला.

"हात लावू नका त्याला," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असणार, कारण तो खुर्चीसकट मागं सरकला.